कर्करोगावरील नॅनोकण औषधयोजना

कर्करोगावरील औषधे अतिसूक्ष्म कणांमध्ये बंदिस्त करून अथवा अशा कणांना जोडून ती शक्यतो रोगग्रस्त ऊतकातच (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहातच) पोचविण्याची चिकित्सापद्धती. या कणांचे आकारमान साधारणपणे १० ते २०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे १ मिमी.चा दहा लाखावा भाग होय. मानवी रक्तातील तांबड्या कोशिकेचा व्यास सु. ७,००० ते ८,००० नॅनोमीटर असतो. म्हणजे १०० नॅनोमीटर व्यासाचे सत्तर-ऐंशी कण एका रांगेत मांडले, तर ते एका तांबड्या कोशिकेच्या व्यासाएवढे होतील. या पद्धतीला ‘लक्ष्यवेधी औषधयोजना’ असेही म्हणतात. मात्र १९९५ पासून प्रत्यक्ष वापरात आलेल्या औषधांचा अनुभव पाहता, अर्बुदात (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेल्या गाठीत) जास्त औषध पोचविण्यापेक्षा निरोगी अवयवांना औषधाच्या विषारीपणापासून दूर ठेवणे हेच या पद्धतीचे अधिक निश्चित फलित ठरले आहे.

आवश्यकता : कर्करोगावरील रासायनिक चिकित्सेत वापरली जाणारी बहुतेक औषधे झपाट्याने विभाजन पावणाऱ्या कोशिकांचा नाश करतात. कर्करोगाच्या कोशिका अशा प्रकारच्या असतात. परंतु अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतील रक्तनिर्मिती करणारा मऊ भाग), आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांतील निरोगी कोशिकाही झपाट्याने विभाजन पावत असतात. नीलेतून टोचलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरात पसरते आणि मित्र व शत्रू यांत भेद न करता दोघांवरही आघात करते. त्यामुळे रक्तातील कोशिकांची संख्या घटणे, वांत्या होणे, तोंड येणे, केस गळणे हे परिणाम दिसतात. रोग्याला किती मात्रा देता येईल, हे पुष्कळदा अर्बुदाच्या गरजेवरून न ठरता निरोगी अवयवांच्या सहनशक्तीवरून ठरते.

डॉक्सोरुबिसिन या औषधाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इटलीमध्ये स्ट्रेप्टोमायसीज  वंशातील सूक्ष्मजंतूंपासून ते मिळविण्यात आले. स्तन, अंडाशय, लसीका ग्रंथी इत्यादींच्या कर्करोगांवर ते गुणकारी आहे. परंतु ते हृदयाच्या स्नायूंना कायमची इजा करते. शरीरपृष्ठाच्या दर चौ. मी.ला एकूण सु. ४५० ते ५५० मिग्रॅ.पेक्षा जास्त औषध दिले गेल्यास हृदय निकामी होण्याचा धोका बराच वाढतो. त्यामुळे अर्बुद औषधाला दाद देत असतानाही चिकित्सा थांबवावी लागते. हेच औषध हृदयापासून दूर ठेवता आले, तर पुढेही देता येईल, या विचारातून नॅनोकणांच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली.

केवळ रोगकारकालाच जाऊन भिडणाऱ्या औषधाची कल्पना त्याहून जुनी आहे. जर्मन वैद्यक पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा औषधाला ‘जादूची गोळी’ (बंदुकीची गोळी या अर्थाने) म्हटले होते. एर्लिख यांच्या मनात रोगजंतूंचा विचार प्रामुख्याने होता. जंतू हा शरीराला परका असतो. कर्करोगाची कोशिका मात्र शरीराच्याच कोशिकेपासून उद्भवलेली असल्याने दोहोंतील फरक थोडा असतो. म्हणून कर्करोगाच्या बाबतीत हे ध्येय गाठणे अधिक अवघड आहे. [⟶ कर्करोग].

आकारमानाचे महत्त्व : साध्या औषधाचा रेणू एक-दोन नॅनोमीटरांचा असतो. तो केशवाहिन्यांच्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या) भित्तींतून सहज बाहेर पडून कोणत्याही ऊतकात शिरतो. सु. ५ ते ६ नॅनोमीटरांपेक्षा लहान कण वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) गाळले जाऊन मूत्रावाटे लवकर निघून जातात. उलट २०० नॅनोमीटरांपेक्षा मोठे कण प्लीहेत (पाणथरीत) व यकृतात मोठ्या प्रमाणात अडकतात. या दोन मर्यादांच्या दरम्यानचा कण वृक्कांतून गाळला जात नाही आणि हृदय, स्नायू यांसारख्या अवयवांतील केशवाहिन्यांची भित्ती अखंड असल्यामुळे त्यांतूनही बाहेर पडू शकत नाही. अशा रीतीने औषधाचे शरीरातील वाटप त्याच्या रासायनिक गुणधर्मांवर अवलंबून न राहता ते वाहून नेणाऱ्या कणाच्या आकारमानावर व पृष्ठभागावर अवलंबून राहते. नॅनोकणांच्या वापरामागील मूलतत्त्व हेच आहे.

वाहकांचे प्रकार : (१) लिपोसोम : फॉस्फोलिपिड या मेदद्रव्याच्या दुहेरी थराचे वेष्टण असलेली पोकळ गोलिका. हिच्या पोकळीत पाण्यात विरघळणारी व वेष्टणात मेदात विरघळणारी औषधे सामावतात. (२) प्रथिनकण : रक्तद्रवातील अल्ब्युमीन या प्रथिनाला औषध जोडून केलेले कण. (३) बहुवारिक कण : अनेक लहान रेणूंच्या जोडणीने बनलेल्या मोठ्या रेणूंचे म्हणजे बहुवारिकांचे कण. यांपैकी काही शरीरात सावकाश विघटन पावून औषध थोडेथोडे सोडतात. (४) अकार्बनी कण : सोने, लोहाची ऑक्साइडे, सिलिका इत्यादींचे कण. औषधे वाहून नेण्याच्या कामी यांचा उपयोग मुख्यतः प्रयोगावस्थेत आहे. रोग्यांच्या चिकित्सेत लिपोसोम व अल्ब्युमिनाचे कण यांनाच प्रामुख्याने स्थान मिळाले आहे. शरीरात मुळातच असलेल्या द्रव्यांशी त्यांचे साधर्म्य असल्याने ते सुरक्षित ठरले, हे त्याचे एक कारण होय.

लिपोसोमांचा इतिहास : ॲलेक बँगम या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आर्. डब्ल्यू. हॉर्न यांच्याबरोबर फॉस्फोलिपिडांचे पाण्यातील मिश्रण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मेदद्रव्याचे रेणू आपोआप दुहेरी थरांत रचले जाऊन बंदिस्त गोलिका बनतात, असे त्यांना आढळून आले. त्यांचे निष्कर्ष १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा मूळ हेतू कोशिकापटलाच्या रचनेचा अभ्यास करण्याचा होता. १९६८ मध्ये जेराल्ड वाइसमन यांनी या गोलिकांना लिपोसोम हे नाव सुचविले. १९७१ मध्ये ग्रेगरी ग्रेगोरिआडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिपोसोमांत एंझाइम बंदिस्त केले आणि त्यानंतर औषधांचे वाहक म्हणून लिपोसोमांकडे पाहिले जाऊ लागले.

आरंभीच्या प्रयत्नांत तीन अडचणी आल्या. लिपोसोमात पुरेसे औषध भरता येत नसे, भरलेले औषध वाटेतच गळून जाई आणि लिपोसोम रक्तातून लवकर नाहीसे होत. यांपैकी शेवटची अडचण शरीराच्या संरक्षणव्यवस्थेमुळे उद्भवते. परका कण रक्तात शिरताच रक्तद्रवातील प्रथिने त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. यकृत व प्लीहा यांतील महाभक्षिकोशिका (परके कण गिळून टाकणाऱ्या मोठ्या कोशिका) अशा प्रथिनवेष्टित कणांना ओळखून गिळतात. १९९० च्या सुमारास लिपोसोमांच्या पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या जलस्नेही बहुवारिकाच्या साखळ्या बसविण्यात आल्या. या साखळ्यांभोवती पाण्याचा थर धरला जातो व प्रथिनांना पृष्ठभागापर्यंत पोचणे कठीण होते. परिणामी असे लिपोसोम रक्तात कित्येक तास ते काही दिवस टिकून राहतात.

औषध भरण्याची अडचण जेरूसलेममधील येहेझ्केल बारेनहोल्झ, आल्बेर्टो गॅबिझॉन व त्यांचे सहकारी यांनी एका कल्पक युक्तीने सोडविली. लिपोसोम अमोनियम सल्फेटाच्या विद्रावात तयार करून नंतर बाहेरचे अमोनियम सल्फेट काढून टाकतात. आतील अमोनिया हळूहळू बाहेर निसटतो व पोकळी अम्लधर्मी बनते. बाहेरून आलेला डॉक्सोरुबिसिनाचा विद्युत्‌भाररहित रेणू वेष्टण ओलांडून आत जातो. आत त्याला विद्युत्‌ भार प्राप्त होतो व सल्फेटाबरोबर त्याचा स्फटिक बनतो. आता त्याला परत फिरता येत नाही. या पद्धतीने सु. ८० ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या एका लिपोसोमात औषधाचे १० हजारांहून अधिक रेणू साठविता येतात.

अशा रीतीने तयार झालेल्या डॉक्सिल या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर १९९५ मध्ये एड्सच्या रोग्यांना होणाऱ्या कापोसी मांसार्बुदाकरिता मान्यता दिली. अमेरिकेत मान्यता मिळालेले हे पहिले नॅनोकण औषध होय. १९९९ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठीही त्याला मान्यता मिळाली.

अर्बुदात प्रवेश : अर्बुदाची वाढ जलद होत असल्याने त्यातील नवीन रक्तवाहिन्या घाईने व सदोष बनतात. त्यांच्या अंतःस्तरातील (आतील बाजूच्या अस्तरातील) कोशिकांमध्ये फटी राहतात. शिवाय अर्बुदात लसीकावाहिन्यांचे कार्य नीट चालत नसल्याने आत शिरलेले मोठे रेणू सहज बाहेर वाहून नेले जात नाहीत. जपानमधील कुमामोटो विद्यापीठातील यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये ही गोष्ट प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिली. अल्ब्युमिनाशी संयोग पावणारा निळा रंग उंदरांना टोचल्यावर अर्बुदे निळी झाली. या आविष्काराला ‘वर्धित पार्यता व धारण परिणाम’ म्हणतात. कणाने केवळ रक्तात दीर्घ काळ फिरत राहावयाचे व फटी सापडतील तेथे बाहेर पडावयाचे, असे हे तत्त्व असल्याने त्यास निष्क्रिय लक्ष्यवेध असे नाव आहे.

उंदरांमध्ये दिसणारा हा परिणाम मानवात तितक्याच प्रमाणात आढळत नाही. प्रयोगशाळेतील उंदराचे अर्बुद काही आठवड्यांत शरीराच्या मानाने फार मोठे होते, तर मानवातील अर्बुद पुष्कळदा काही वर्षे वाढत असते व त्यातील रक्तवाहिन्यांची रचना वेगळी असते. एका रोग्याच्या अर्बुदात कण शिरतात, तर दुसऱ्याच्या तशाच अर्बुदात शिरत नाहीत. एकाच रोग्याच्या दोन गाठींतही फरक असतो. यांखेरीज अर्बुदातील द्रवाचा दाब वाढलेला असतो. राकेश जैन व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनानुसार या दाबामुळे व घट्ट संयोजी ऊतकामुळे रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला कण अर्बुदाच्या गाभ्यापर्यंत पोचू शकत नाही. रक्तवाहिन्यांतील फटींचे महत्त्वही वादाचा विषय झाले आहे. टोराँटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उंदरांच्या अर्बुदांत अशा फटी विरळ असून बहुसंख्य नॅनोकण अंतःस्तराच्या कोशिकांतून सक्रिय क्रियेने आत नेले जातात.

सक्रिय लक्ष्यवेध : कर्करोगाच्या काही कोशिकांच्या पृष्ठभागावर विशिष्ट ग्राही (ठराविक रेणूला जोडले जाणारे प्रथिन) निरोगी कोशिकांपेक्षा अधिक संख्येने असतात. कणाच्या पृष्ठभागावर त्या ग्राहीशी जुळणारे प्रतिपिंड, फॉलिक अम्ल किंवा ट्रान्सफेरीन यांसारखे रेणू बसविले, तर कण त्या कोशिकेला चिकटतो व बहुधा आत घेतला जातो. काचपात्रातील कोशिकांवर ही पद्धत उत्तम चालते. जिवंत शरीरात मात्र कण आधी अर्बुदात पोचला, तरच ग्राहीची व त्याची गाठ पडते. पत्ता अचूक लिहिला, तरी पत्र त्या गावापर्यंत पोचलेच पाहिजे, तशातला हा प्रकार आहे. शिवाय रक्तातील प्रथिने पृष्ठभागावर चिकटून हे मार्गदर्शक रेणू झाकले जाण्याचीही शक्यता असते. हर-२ या ग्राहीविरुद्धचे प्रतिपिंडखंड बसविलेल्या, डॉक्सोरुबिसिनयुक्त लिपोसोमांची स्तनाच्या कर्करोगावरील चाचणी प्रचलित चिकित्सेपेक्षा अधिक लाभाची शक्यता न दिसल्याने २०१६ मध्ये थांबविण्यात आली. याउलट औषधाचे रेणू थेट प्रतिपिंडाला जोडून केलेली, नॅनोकणांहून पुष्कळ लहान अशी संयुगे त्याच ग्राहीविरुद्ध यशस्वी झाली असून त्यांपैकी ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनाला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली.

वापरातील औषधे व त्यांचे फलित : स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ५०९ स्त्रियांवर केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिपोसोमयुक्त व साधे डॉक्सोरुबिसिन यांची तुलना करण्यात आली. रोगाची वाढ रोखून धरण्याचा मध्यम काल अनुक्रमे ६.९ व ७.८ महिने आणि जीवितकाल २१ व २२ महिने आढळला. म्हणजे कर्करोगावरील परिणाम जवळजवळ सारखाच होता. मात्र हृदयाला होणारी इजा लिपोसोमयुक्त औषधाने पुष्कळ कमी झाली. केस गळणे व वांत्या यांचेही प्रमाण घटले. त्याऐवजी तळहात व तळपाय यांची कातडी लाल होऊन दुखणे व सोलवटणे हा नवा उपद्रव वाढला. दीर्घ काळ रक्तात फिरणारे लिपोसोम त्वचेत झिरपत असल्याने तो होतो. विषारीपणा नाहीसा झाला नाही, तर त्याचे ठिकाण बदलले. तथापि हृदय निकामी होण्याच्या मानाने हा उपद्रव सुसह्य व मात्रा कमी करून आटोक्यात आणता येण्यासारखा आहे.

पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते शिरेतून देण्यासाठी एरंडेलापासून केलेले एक द्रव्य व अल्कोहॉल यांच्या मिश्रणात विरघळवावे लागते. या विद्रावकामुळे काही रोग्यांत तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) प्रतिक्रिया होते व ती टाळण्यासाठी आधी स्टेरॉइडे द्यावी लागतात. सु. १३० नॅनोमीटर आकारमानाच्या अल्ब्युमीन कणांना जोडलेल्या पॅक्लिटॅक्सेलाला (अब्रॅक्सेन) अमेरिकेत जानेवारी २००५ मध्ये मान्यता मिळाली. त्यात हा विद्रावक नसल्याने औषध तीन तासांऐवजी अर्ध्या तासात व अधिक मात्रेत देता येते. मान्यतेस आधारभूत चाचणीत अर्बुद लक्षणीय आकसण्याचे प्रमाण ३३ टक्के, तर साध्या औषधाने १९ टक्के आढळले. परंतु दोन्ही औषधे आठवड्याला एकदा देऊन केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत अल्ब्युमीनयुक्त औषध सरस ठरले नाही. हे कण रक्तात लवकरच विरघळतात. त्यामुळे त्यांचा लाभ लक्ष्यवेधापेक्षा विद्रावक टळल्यामुळे अधिक होतो, असे पुष्कळ तज्ञ मानतात.

एकाच लिपोसोमात सायटॅराबीन व डॉनोरुबिसीन ही दोन औषधे ५ : १ या रेणुप्रमाणात भरलेल्या औषधाला (व्हिक्सिऑस) अमेरिकेत २०१७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या एका तीव्र प्रकारासाठी मान्यता मिळाली. हीच दोन औषधे सुटी दिल्यास ती वेगवेगळ्या वेगाने शरीराबाहेर जातात व त्यांचे प्रमाण बिघडते. लिपोसोमात ते टिकून राहते. ६० ते ७५ वर्षे वयाच्या ३०९ रोग्यांवरील चाचणीत मध्यम जीवितकाल ९.५६ महिने, तर सुटी औषधे दिलेल्या गटात ५.९५ महिने होता. नॅनोकणांमुळे जीवितकाल वाढल्याचे हे ठळक उदाहरण आहे. येथे रोगाचे ठाणे घट्ट अर्बुदात नसून अस्थिमज्जेत असते व तेथील रुंद रक्तवाहिन्यांतून लिपोसोमांना सुलभपणे प्रवेश मिळतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मर्यादा : २००५–१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या, प्राण्यांवरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण टोराँटो येथील उपर्युक्त गटाने २०१६ मध्ये केले. त्यानुसार टोचलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदात पोचणाऱ्या भागाचे मध्यम मूल्य केवळ ०.७ टक्के आढळले. या आकड्याच्या गणनपद्धतीविषयी मतभेद आहेत, तसेच साध्या औषधाचाही फार थोडाच भाग अर्बुदात जातो, हे ध्यानात घ्यावयास हवे. तरीही टोचलेल्या कणांपैकी बहुसंख्य कण अन्यत्र, विशेषतः यकृत व प्लीहा यांत जातात, याविषयी दुमत नाही. अर्बुदात पोचल्यावरही औषध योग्य वेळी कणाबाहेर पडणे आवश्यक असते. फार घट्ट बांधलेले औषध निरुपयोगी ठरते व फार सैल बांधलेले वाटेतच सुटते. उष्णतेने औषध सोडणाऱ्या लिपोसोमांची यकृताच्या कर्करोगावरील मोठी चाचणी २०१३ मध्ये अयशस्वी झाली. पॉलिएथिलीन ग्लायकॉलाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन पुढील मात्रा लवकर निष्कासित होणे, निर्मितीचा मोठा खर्च व प्रत्येक खेपेत आकारमान एकसारखे राखण्याची कठीणता या आणखी अडचणी आहेत.

भारतातील स्थिती : लिपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसिनाची निर्मिती भारतीय कंपन्याही करतात. अमेरिकेत या औषधाची तीव्र टंचाई झाली असता, तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई येथे मुख्यालय असलेल्या सन फार्मास्युटिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करण्यास अनुमती दिली आणि पुढील वर्षी याच कंपनीच्या सममूल्य औषधाला तेथे मान्यता मिळाली. अशा औषधाची प्रतिकृती करणे साध्या गोळीच्या मानाने अवघड असते. घटकद्रव्ये तीच असली, तरी कणाचे आकारमान, वेष्टणाची घनता किंवा आतील स्फटिकाचे स्वरूप बदलल्यास औषधाचे शरीरातील वर्तन बदलते. म्हणून केवळ रासायनिक पृथक्करण पुरेसे ठरत नाही. भारत सरकारने २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

पुढील दिशा : कणांचा यकृताकडील ओढा ही कर्करोगात अडचण ठरली असली, तरी अन्यत्र तिचाच उपयोग करून घेण्यात आला आहे. यकृतात तयार होणाऱ्या सदोष प्रथिनामुळे होणाऱ्या एका आनुवंशिक विकारावरील, मेदद्रव्याच्या नॅनोकणांत भरलेल्या आरएनए औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच जातीचे कण २०२० मध्ये कोव्हिड-१९ वरील संदेशवाहक आरएनए लशींसाठी वापरण्यात आले. कर्करोगाच्या कोशिकांतील विशिष्ट प्रथिनांची ओळख शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेला करून देणाऱ्या, याच पद्धतीच्या लशींच्या चाचण्या चालू आहेत. यात कणाने प्रत्येक अर्बुदापर्यंत जाण्याची गरज नसते. प्रतिरक्षा कोशिकांपर्यंत पोचणे पुरेसे असते आणि त्या तर असे कण स्वतःहून गिळतात. कोणत्या रोग्याच्या अर्बुदात कण शिरू शकतात हे प्रतिमादर्शनाने आधी पाहून त्यांचीच निवड करणे, ही दुसरी दिशा आहे. उंदराच्या अर्बुदात किती औषध साचले यापेक्षा रोगी किती काळ जगला व त्या काळात त्याला किती कमी यातना झाल्या, हीच या पद्धतीची अखेरची कसोटी होय. यांपैकी दुसऱ्या कसोटीस ती पुष्कळ अंशी उतरली आहे. पहिल्या कसोटीस अद्याप मोजक्याच ठिकाणी उतरली आहे.